पोरी पाणी काऊन पेत नाईत

२ फेब्रुवारी, सोम.
आज खिचडीत मीठ जास्त पडलं. माझीच चूक, बोलता बोलता दोनदा टाकलं. पोट्ट्यायनं बोंब मारली, "मावशी, आज अख्खा पुडा टाकला का व!" अन पाण्याच्या ड्रमवर तुटून पडले. पोरी मात्र थेच खारट खिचडी गपचूप खाऊन उठल्या. त्यायच्या रांगेतले गिलास ठेवले तसेच कोरडे. एक नाई, दोन नाई, सप्पा रांग. चौथीतल्या सानिकाले इचारलं, पाणी काऊन नाई पेत व? म्हणे, "तहान नाई मावशी."
इतलं मीठ खाऊन तहान नाई! मी घरी येऊन दोन तांबे पेली.

४ फेब्रुवारी, बुध.
ड्रमचाच काही घोळ असंन वाटलं. काल उपडा करून राखेनं घासला, उन्हात वाळवला, तोटी बदलली. आज वरून घरचा माठ नेऊन ठेवला, वाळा टाकून. पोट्ट्यायनं थो माठ घंटाभरात आटवला. पोरीयनं तोंड ओलं करायपुरता घोट घेतला अन गिलास खाली.
रोग म्हशीले अन औषध पखालीले, असं करून राह्यली मी. पाण्यात काही नाई. पोरीयच्या मनात काही आहे.

६ फेब्रुवारी, शुक्र.
जेवणाच्या सुटीनंतर मागं खिचडीचं गंज-पातेलं घासत होती. पाह्यते तं सानिका अन तिच्या वर्गातल्या तिघी दप्तर घेऊन भिताडाच्या कडेनं चालल्या. "कुठी निंघाल्या व?" म्हणे पोट दुखते. चौघीयचं एकदम! खिचडी खाऊन चार पोरीयचं पोट दुखलं म्हणजे उद्या सारं गाव माझ्या दारात. पाचवं वरीस आहे शाळेत रांधायचं. लागली तेव्हा दोन घरं लेकरायले डबा देऊन धाडत होते, माझ्या हातचं नको म्हणून. महिनाभरात डबे बंद झाले, फोडणीचा वास आडवा आला. तेव्हापासून माझ्या खिचडीले कोणी नाव ठेवलं नाई अन आता ठेवू बी देणार नाई.
म्हणून सानिकाले धरून बसवलं. मंग कानात म्हणे, "शू लागली मावशी. घरी जाऊन येते."
येत तं कोणीच नाई परत. घरी गेलं की माय म्हणते, आता घंटाभरासाठी काऊन जाते, लहान्याले घे जरा. हजेरी सकाळीच झालेली. कागदावर चौघी वर्गात अन खऱ्यानं घरी.

७ फेब्रुवारी, शनि.
सकाळची शाळा. खिचडी उतरवून पोरीयच्या संडासकडे गेली. दाराले कुलूप. पितळी, चांगलं मुठीएवढं. दारावर गुलाबाची फुलं काढलेली, बाजूले "स्वच्छता हेच आरोग्य", आत पांढऱ्या फरशा, आरसा. फटीतून पाह्यलं, नवरीसारखं सजून बसलं आहे अन कोणाच्या कामाचं नाई.
आता लिहायचं तं खरं लिहायचं, वंदनाबाई.
हे कुलूप माझ्या तोंडून निंघालं. मागच्या वर्षी स्वच्छ शाळेचं तालुक्याचं बक्षीस भेटलं, त्याच्या आधी आठ दिवस मी तिथी गुडघ्यावर बसून फरशा घासल्या. माझं काम नव्हतं, तरी केलं. पाहुणे गेले अन दुसऱ्या दिवशी कोण्या पोट्ट्यानं चिखलाचे पाय उमटवले. मी चिडली. सरायले, म्हणजे आमच्या हेडमास्तरायले, म्हटलं, "कुलूपच ठोका सर, नाईतं पुन्हा मलेच घासा लागन." सर म्हणे, "बरोबर बोलल्या." त्याच दिवशी कुलूप आलं. मी विसरून बी गेली. पोट्टे मागच्या बाभळीकडे जातात, मी पाच मिनिटात घरी जाऊन येते. पोरीयचं काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाई. बाई असून आलं नाई.

८ फेब्रुवारी, रवि.
घरी यायले, नवऱ्याले, सांगतलं. हे मिस्त्रीकाम करतात, गावातल्या अर्ध्या भिती यायच्या हातच्या. म्हणे, "सरायच्या तोंडी लागू नको. तुले काढायले त्यायले एक कागद लागते." म्हटलं, मले बोलायले तं कागद बी लागत नाई. हसले.

९ फेब्रुवारी, सोम.
सरायले चावी मांगतली.
सर माणूस वाईट नाई, हे लिहून ठेवते. पाढे असे घेतात की पोट्टे झोपेत म्हणतीन. कोण्या लेकराले ताप आला तं आपल्या गाडीवर घरी सोडतात. पण बक्षिसाचं भूत बसलं आहे त्यायच्या मानेवर. आता जिल्ह्याची तपासणी येऊन राह्यली, मार्चच्या सुरुवातीले.
म्हणे, "तपासणी होऊ द्या, दुसऱ्या दिवशी उघडू."
"तवर पोरीयनं काय करायचं सर?"
"घरं काय लांब आहेत का? आणि तुम्हीच म्हणाल्या होत्या ना बाई, कुलूप लावा म्हणून?"
थप्पड बसल्यासारखं झालं. खरं होतं ना. तरी म्हटलं, "म्हटलं होतं. आता उघडा म्हणून राह्यली. तेव्हा ऐकलं माझं, आता बी ऐका."
म्हणे, तुम्ही खिचडीपुरतं पाहा.
बरं. खिचडीपुरतंच पाह्यते. खिचडीसोबत पाणी लागते, थे पोरी पेत नाईत, म्हणजे हा माझ्याच खात्याचा इषय झाला.

११ फेब्रुवारी, बुध.
सानिका काल आली नाई, आज बी नाई.
मॅडमले भेटली. पहिली-दुसरी घेतात, बुलडाण्याहून बसनं येणं-जाणं करतात, वय जेमतेम सत्तावीस. त्यायले इचारलं, तुम्ही कुठी जाता? लाजल्या. मंग म्हणे, "कुठे नाही. सकाळी आठला घरून निघते, संध्याकाळी सहापर्यंत पाणीच घेत नाही. मागच्या वर्षी मुतखडा झाला होता, मावशी. सरांना कसं सांगायचं?"
आवं माय! शिकलेली, नोकरीची बाई, थे बी कोरडी. सांगायले लाज अन दुखायले लाज नाई. मी बी तसलीच, सारखं घरी पळा लागू नये म्हणून शाळेच्या दिवशी घोट घोटच पेते, आज ध्यानात आलं.
त्यायले एकच सांगतलं. हजेरी सकाळी घेता, तशी दुपारी बी एकदा घ्या. वेगळ्या वहीत, आपल्यापुरती. "सर रागावतील," म्हणे. म्हटलं, मोजल्यानं कोणाचं काही तुटत नाई.

१२ फेब्रुवारी, गुरु.
सानिकाच्या घरी गेली. तिची माय शोभा ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती, उद्या रोहिणखेडच्या बाजाराले. पोरगी आत गोधडीत. आंग तव्यासारखं. शोभा म्हणे, "उष्णता झाली. लघवीले आग होते म्हणते. सब्जा देऊन राह्यली, धन्याचं पाणी देऊन राह्यली."
कवापासून? "होळीच्या आधी असंच होते दरवर्षी," म्हणे. दरवर्षी नाई व शोभा. कुलूप लागलं तेव्हापासून. पण तोंडातून निंघालं नाई माझ्या. सब्जा चांगला, म्हणून उठून आली. भेकड कुठची.

१३ फेब्रुवारी, शुक्र.
सकाळीच शोभाचा निरोप. पोरगी थंडीनं दात वाजवून राह्यली, कमरेत कळ. खिचडी शेजारच्या सुमनबाईले सोपवली अन त्यायच्यासोबत मोताळ्याले गेली. डॉक्टरीणबाईनं लघवी तपासली, पोट दाबून पाह्यलं. म्हणे लघवीचं इन्फेक्शन, वर सरकून राह्यलं, अजून दोन दिवस घरी ठेवलं असतं तं किडनीले धरलं असतं. मंग सानिकालेच इचारलं, "बेटा, पाणी काऊन नाई पेत?"
सानिका मायकडं पाह्ये अन माझ्याकडं पाह्ये. मंग म्हणे, "पेलं की लागते."
डॉक्टरीणबाईनं कागदावर गोळ्यायच्या आधी पाणी लिहिलं.
येताना बसमध्ये शोभाले सारं सांगतलं. कुलूप, बक्षीस, माझं बोलणं. वाटलं आता शिव्या घालन, घालायलेच पायजे होत्या. तिनं सानिकाचं डोकं मांडीवर घेतलं. मंग म्हणे, "लावलं तुनं, तं खोल बी तूच."

१६ फेब्रुवारी, सोम.
खोललं.
साडेदहाले परत एकदा सरायले चावी मांगतली, चार लोकायत. म्हणे, "तोच तोच विषय नको." बरं म्हटलं. मसाल्याचा वरवंटा घेतला अन गेली. दोन घावात कुलूप नाई तुटलं, कडीच उखडली. तिसऱ्यात सारं खाली. आवाज ऐकून सप्पा शाळा बाहेर.
आता वाटलं पोरी पळत येतीन. एक बी हालली नाई! साऱ्या सरायच्या तोंडाकडं पाहून राह्यल्या. वरवंटा हातात घेऊन मी उभी, दार उघडं, अन कोणी जाईना. मले रडूच आलं असतं. इतल्यात पहिलीतली परी, इतलुशी, तिले सर काय अन बक्षीस काय, चड्डी सावरत सरळ आत गेली. बाहेर येऊन म्हणे, "मावशी, आत आरसा आहे!"
मंग लाइन लागली. मी बादली भरू भरू थकली.
सर इतलंच म्हणे, "हे तुम्हाला जड जाईल." म्हटलं, पाचवीच्या पोरीयएवढं तं नाई जाणार, थ्या दिवसभर दाबून बसतात.

१७ फेब्रुवारी, मंगळ.
नवा नेम केला. वाढायच्या आधी प्रत्येकीनं गिलासभर पाणी पेऊन दाखवायचं, मंग ताट. पोट्टे म्हणे आम्हाले काऊन नाई? त्यायले बी लावलं. अन संडासात पाणी टाकायची पाळी, पाचवीपासून खाली, पोरी बी अन पोट्टे बी. एकानं कुरकुर केली, "हे काय पोट्ट्यायचं काम आहे का?" म्हटलं, घाण करताना इचारत नाई बे कोणाचं काम, साफ करतानाच इचारते का?
आज माझं घासायचं काम नाईच पडलं. मागच्या वर्षी हेच शिकवलं असतं तं कुलूप कशाले लागलं असतं. चिडण्यात सारी अक्कल गेली माझी.

१९ फेब्रुवारी, गुरु.
शिवजयंतीची सुटी. झेंडा, भाषणं झाली, लेकरं घरी. दाराले आतून कडी नाई, पोरी एकमेकीसाठी बाहेरून दार धरतात. यायले म्हटलं. "मी नाई त्या भानगडीत," म्हणे. दुपारी पाह्यते तं पिशवी घेऊन गायब. संध्याकाळी आले, म्हणे कडी बसवली, खाली बसवली, लहान्या पोरीयचा हात पुरन अशी. नवऱ्याचं कौतुक करायची सवय नाई मले. रात्री पिठलं केलं, त्यायच्या आवडीचं.

२३ फेब्रुवारी, सोम.
मॅडमनं वही दाखवली. घाबरत घाबरत, पण रोज लिहिलं आहे त्यायनं. कुलूप होतं त्या आठवड्यात दुपारी शाळेतल्या एकोणतीस पोरीयपैकी अकराच हजर, एक दिवस नऊ. मागच्या आठवड्यात चोवीस, सव्वीस. मॅडम म्हणे, "मावशी, मी पण आता बाटली आणते."
सानिका अजून घरीच. गोळ्या चालू. ताप उतरला. आज तिनं दोन पोया खाल्ल्या म्हणे.

२५ फेब्रुवारी, बुध.
शाळा समितीची बैठक. मले बोलावलं, पण खुर्ची नाई. दाराजवळ उभी राह्यली. अध्यक्ष म्हणजे गावातले भाऊसाहेब, ट्रॅक्टरवाले. सरायनं कागद वाचला, शालेय मालमत्तेचं नुकसान, शिस्तभंग, असं असं. भाऊसाहेब म्हणे, "वंदना, तू राजीनामा लिहून दे. मार्चपासून दुसरी बाई पाहू. इज्जतीनं जा."
नोकरी जाईन याचं भेव होतं, खोटं काऊन लिहू. पण राग त्याच्याहून मोठा होता. म्हटलं, "मी लिहून देत नाई. काढायचं तं काढा, तुमच्या हातात आहे. पण कागदावर कारण लिहा. पोरीयच्या संडासचं कुलूप तोडलं म्हणून काढली. असंच लिहा, खाली सारे सह्या करा, अन एक कागद मले द्या. मी भिताडावर लावते."
कोणी पेन उचललं नाई. एक म्हातारबा म्हणे, "असं कसं लिहिता येईन?" म्हटलं, करता येते तं लिहिता काऊन येत नाई?
भाऊसाहेब म्हणे तपासणी झाल्यावर पाहू. साऱ्यायचं सारंच तपासणी झाल्यावर!

२८ फेब्रुवारी, शनि.
नवी कडी, नवं कुलूप. आधीच्याहून मोठं. आतल्या फरशा पुन्हा पुसून घेतल्या, फुलायले नवा रंग मारला. सर म्हणे, "फक्त पाच तारखेपर्यंत. हात जोडतो. रंग ओला आहे, खराब होईल. बक्षीस मिळालं तर शाळेचंच नाव होईल ना?" खरंच हात जोडले माणसानं. वाईट वाटलं मले. पण पाच दिवस पोरीयनं काय करायचं?
वर सांगतलं, तपासणीच्या दिवशी तुम्ही सुटी घ्या, सुमनबाई रांधन.

२ मार्च, सोम.
दुपारी पोरी चौदा. गिलास पुन्हा कोरडे. माझा नेम मोडला, मीच मोडला. कुलूप असताना पाणी पाजवणं म्हणजे छळच झाला. दर घंट्याले एक एक पोरीले माझ्या घरी नेऊन आणलं, पाच मिनिटं जायले, पाच यायले. कितीकीले नेणार? खिचडी खाली लागली. जळक्या वासावरून सरायनं ऐकवलं. ऐकलं अन पुढच्या पोरीचा हात धरला.

४ मार्च, बुध.
होळी-धुळवडीच्या गडबडीत कालचं काही लिहिलं नाई. सानिका उद्यापासून येते. डॉक्टरीणबाईनं सांगतलं आहे, दर दोन घंट्याले पाणी, दर दोन घंट्याले जाणं, रोखायचं नाई. शोभा मले म्हणे, "उद्या पाठवू का नको?" तपासणीच्या दिवशी, कुलपाच्या शाळेत. मी काय सांगू? पाठव म्हटलं. मी आहे. सुटी घेतली नाई, घेणार बी नाई. कोणी लेखी दिलं नाई मले.

५ मार्च, गुरु.
आज सारं जसंच्या तसं लिहिते.
पाहुणे साडेबारालेच आले. तिघं जण, त्यात एक बाई, हातात फाइल. मी चुलीपाशी, सुमनबाईच्या बाजूले. सरायनं पाह्यलं, पण पाहुण्यायसमोर काय बोलतीन. परिपाठ दाखवला, हात धुणं दाखवलं, पाढे. पोट्टे तेज बोलले. मंग सारे मैदानातून संडासकडे वळले. सर म्हणे, "मुलींसाठी स्वतंत्र, स्वच्छ, सुसज्ज." फाइलवाल्या बाईनं फुलांचं कौतुक केलं. कुलूप बी पाह्यलं. त्यायले वाटलं असंन, पाहुणे यायचे म्हणून आजच लावलं.
मी पुढं व्हायचं म्हणून पदर खोचला. खरं सांगते, पाय उचलला होता. पण माझ्या आधी जेवणाच्या लाइनमधून सानिका निंघाली. तीन आठवड्याचं दुखणं, गाल बसलेले, झगा ढिला झालेला. ड्रमपाशी गेली. गिलास भरला. सारे पाहून राह्यले अन थे शांतपणे पेली, आखरीच्या थेंबापर्यंत. गिलास ठेवला. चालत सरायपुढं जाऊन उभी राह्यली.
"सर, मले लागली. चावी द्या."
तिच्या मागं आणखी एक आली. मंग परी. मंग पाचवीच्या साऱ्या. मॅडमनं त्यायले बसा म्हटलं नाई. मॅडम बी लाइनीत जाऊन उभ्या राह्यल्या, सर्वात मागं.
फाइलवाल्या बाईनं सरायकडं पाह्यलं. सरायचा हात खिशाकडे गेला, थांबला, परत गेला. चावी बाहेर आली. कुलूप त्यायनं स्वतः उघडलं. त्या येळले त्यायचं तोंड कसं झालं होतं, थे मी लिहिणार नाई. त्या माणसानं माझ्या पोरीयले पाढे शिकवले आहेत.
फाइलमध्ये काय लिहिलं, आम्हाले दाखवलं नाई. भाऊसाहेब जाता जाता मले म्हणे, सोमवारी बैठक आहे, ये. खुर्ची ठेवा म्हटलं.
चार वाजता मी घरी निंघाली तवर दार उघडंच होतं. कुलूप कडीले लटकलेलं, चावी त्यातच. उद्या सकाळी आधी तिथी जाईन, मंग चूल पेटवीन.